आधी वर्ग, मग सल्ला : एमआयडीसीत सल्लागार म्हणून पाय रोवताना

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, म्हणून कारखान्यांतल्या लोकांसाठीचे माझे मोजमापाचे वर्गही गुरुवारीच. सकाळी नऊच्या सुमाराला मंडळी येतात तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीत तेलकट कागदात गुंडाळलेले दहा जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेले सुटे भाग, असतात. कुणाच्या शाफ्ट, कुणाचे बुश, कुणाचे गिअर ब्लँक. सोबत शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर काम चालतं तिथे, रोज वापरतात तोच मायक्रोमीटर किंवा तेच व्हर्निअर. मोजायच्या अशा साधनांना आम्ही गेज म्हणतो. पहिला चहा होईपर्यंत मी काहीच शिकवत नाही. जॉबवर मार्करने एक ते दहा आकडे घालायचे आणि तिघांनी आळीपाळीने मोजायचे. प्रत्येकाने प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, आधीचं रीडिंग न बघता. १० जॉब, ३ माणसं, ३ वेळा म्हणजे ९० रीडिंग.

जेवणाच्या सुट्टीआधी आकडेमोड होते. जॉब तोच, गेज तोच, तरी तिघांची रीडिंग जुळत नाहीत. जॉबाजॉबात खरोखर असलेला फरक किती आणि मोजण्यातूनच आलेला फरक किती, हे टक्क्यांत निघतं. वाहन उद्योगातला रूढ निकष असा : मोजणीचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० ते ३० च्या दरम्यान असेल तर काम किती नाजूक आहे ते बघून चालवून घ्यायचं. ३० च्या वर गेला तर त्या मोजणीच्या जोरावर जॉब पास किंवा नापास करू नये. माझ्या प्रत्येक वर्गात दोघातिघांचं उत्तर तिसाच्या वर जातंच. बहुतेक वेळा कारणही साधं असतं. जॉबला सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे ०.०२ मिलिमीटर आणि हातात ०.०१ मिलिमीटर वाचणारं व्हर्निअर. म्हणजे चांगला आणि वाईट जॉब वेगळा करायला त्यांच्याकडे जेमतेम दोन घरं. निदान दहा तरी हवीत.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मॅडम, म्हणजे सहा महिने आम्ही मशीनला शिव्या देतोय, आणि दुखणं गेजचं आहे?"

माझा सल्लागाराचा व्यवसाय या प्रश्नातून उभा राहिला. तो कसा, आणि वर्ग घेऊन सल्ल्याची कामं मिळवण्याची ही वाट नेमकी कशी चालते, ते इथे उलगडून सांगते. उदाहरणं माझ्या क्षेत्रातली, गुणवत्ता नियंत्रणातली आहेत, पण हिशेब कुठल्याही क्षेत्राला लागू पडेल. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात हेच वेगळ्या रूपात दिसतं : छाटणीच्या तोंडावर सल्लागार चर्चासत्र घेतात आणि ऐकायला आलेल्यांपैकी काही बागायतदार मग त्यांना पैसे देऊन प्लॉटवर बोलावतात.

सल्ला विकणं अवघड का?

आंबा घेताना माणूस वास घेतो, दाबून बघतो. सल्ल्याचं तसं नाही. घेण्याआधी तो तपासता येत नाही आणि घेतल्यावरही तो चांगला होता का हे नक्की कळत नाही. रिजेक्शन कमी झालं ते सल्लागारामुळे की त्याच महिन्यात आलेल्या नव्या सेटरमुळे, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्या कारागिरामुळे? मालकाला खात्रीने सांगता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन ही गोष्ट मांडली आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गाडीची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधलीच किंमत सांगतो. चांगली गाडी असलेल्याला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारे उरतात. सल्लागारांच्या बाजारात हे रोज घडतं. एकदा हात पोळलेला मालक पुढच्या प्रत्येकाला म्हणतो, "आधीचे तर एवढ्या पैशांत सगळे कागद करून देत होते." तुम्ही कागद करणारे नाही, शॉपवर उभे राहणारे आहात, हे त्याला कळणार कसं? माहितीपत्रकात पदवी, वीस वर्षांचा अनुभव आणि मोठ्या कंपन्यांची नावं सगळ्यांचीच असतात.

वर्गाने ही गाठ सुटते, कारण वर्ग हा नमुना आहे. मालकाला तुमच्यावर आधी विश्वास ठेवावा लागत नाही. थोड्या पैशांत तो आपला माणूस एक दिवस पाठवतो. तो माणूस तुमच्यासमोर आठ तास बसतो, अडलेलं विचारतो, तुम्हाला काय येतं आणि काय येत नाही ते पाहतो आणि स्वतःच्या जॉबचं उत्तर घेऊन परत जातो.

म्हणूनच आपले जॉब आणि आपलं गेज घेऊन या, ही अट मी कधी सोडत नाही. पडद्यावर तयार उदाहरण दाखवलं की लोक माना डोलावतात आणि घरी जातात. आपल्याच जॉबचा आकडा ३८ टक्के आला की त्यांना ते स्वस्थ बसू देत नाही.

शिकवणं कुठे संपतं आणि सल्ला कुठे सुरू होतो

नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती असते ती याची : सगळं वर्गातच सांगितलं तर मला बोलावतील कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला एका मानकात सापडलं.

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी कसं वागावं यासाठी आयएसओ/आयईसी १७०२१-१ हे वेगळं मानक आहे. या संस्थांना ग्राहकाच्या व्यवस्थापन पद्धतीबद्दल सल्ला देण्याची मनाई आहे. स्वतः बसवलेली व्यवस्था स्वतःच तपासली तर त्या तपासणीला अर्थ राहत नाही. पण प्रशिक्षण द्यायला हरकत नाही, फक्त त्यात सर्वसाधारण माहिती असावी आणि शिकवणाऱ्याने एखाद्या कंपनीपुरता खास उपाय सांगू नये. रेषा इतकी स्पष्ट आहे. कुणालाही लागू पडेल ते शिकवणं. तुमच्या कंपनीत, तुमच्या माणसांसह, तुमच्या मशीनवर काय करावं हे सांगणं म्हणजे सल्ला.

ही रेषा ध्यानात घेतली की वर्गात हात आखडता घ्यायची गरज राहत नाही. मी सूत्रं देते, एक्सेलचं पान देते, चुका कुठे होतात तेही सांगते. आलेला मुलगा एका गेजचा अभ्यास स्वतः करू शकेल इथपर्यंत त्याला नेते. पण त्याच्या कंपनीत गेज आहेत तीनशे. त्यातले कोणते आधी घ्यायचे? नवीन एअर गेज घ्यायचा की जॉब धरायची पद्धत बदलून भागेल? प्रॉडक्शनवाले म्हणतात क्वालिटीवाले विनाकारण माल अडवतात, क्वालिटीवाले म्हणतात प्रॉडक्शन ऐकतच नाही. त्या दोघांना एका टेबलावर बसवून तिसऱ्याने बोलावं लागतं. ज्ञान वर्गातून घरी नेता येतं. हे काम नेता येत नाही, आणि मालक पैसे देतो ते या कामाचे.

अर्धवट शिकवून बाकीचं गुलदस्त्यात ठेवणारे वर्ग मी पाहिले आहेत. समोर बसलेल्यांना ते लगेच कळतं. शॉपवर काम करणाऱ्या माणसाला आपल्याला टाळलं जातंय हे समजायला वेळ लागत नाही.

वर्गात कोण बसलंय?

या वाटेवरची माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या कामातून समजली. डेमिंग अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९४२ मध्ये, युद्धसामग्रीचे कारखाने रात्रंदिवस चालू असताना, स्टॅनफर्ड विद्यापीठातून संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे छोटे अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांच्यामागे डेमिंग यांची प्रेरणा होती. पुढे देशभर हजारो अभियंते आणि निरीक्षक हे शिकले. त्याचा फायदाही दिसला. पण युद्ध संपलं आणि बहुतेक कारखान्यांत कंट्रोल चार्ट, म्हणजे उत्पादनातला चढउतार दाखवणारे आलेख, बंद पडले. डेमिंग यांनी नंतर त्याचं कारण सांगितलं : शिकले ते अभियंते. निर्णय घेणारे वरिष्ठ वर्गात नव्हते, त्यामुळे आपण काय करायचं हे त्यांना कधी समजलंच नाही.

१९५० च्या उन्हाळ्यात जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेने त्यांना आठ दिवसांचा अभ्यासक्रम शिकवायला बोलावलं. या वेळी त्यांनी जुनी चूक होऊ दिली नाही. संघटनेचे अध्यक्ष इचिरो इशिकावा यांनी बड्या उद्योगांच्या प्रमुखांना एकत्र बोलावलं आणि अभियंत्यांच्या वर्गाबरोबर या प्रमुखांसमोरही डेमिंग बोलले. पुढे ते पुन्हा पुन्हा जपानला जात राहिले. व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन त्यांनी घेतलं नाही. त्या पैशांतून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झालं. २००३ साली ते आपल्याकडच्या महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने मिळवलं. अमेरिकेत मात्र डेमिंग यांचं नाव घरोघरी पोचलं ते १९८० मध्ये, एनबीसी वाहिनीवरच्या एका कार्यक्रमानंतर. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी फोर्ड कंपनीने त्यांचा सल्ला घ्यायला सुरुवात केली आणि चार दिवसांचे त्यांचे वर्ग १९९३ पर्यंत, म्हणजे अगदी मृत्यूच्या वर्षापर्यंत चालू होते. शिकवणं आणि सल्ला ही एकाच कामाची दोन टोकं त्यांनी आयुष्यभर धरून ठेवली. आपल्याकडे भारतीय सांख्यिकी संस्थेचा गुणवत्ता नियंत्रण विभाग हेच करत आला आहे. मुंबई-पुण्यातल्या केंद्रांतून प्रशिक्षणही होतं आणि कारखान्यांना सल्लाही मिळतो.

१९४२ ची ती चूक मीही केली. माझ्या पहिल्या वर्गाला बावीस जण होते, सगळे तरुण इंजिनिअर. दोन दिवसांत मी त्यांना एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एमएसए, एसपीसी अशी वाहन उद्योगातली गुणवत्तेची पाचही साधनं शिकवली. शेवटी सगळ्यांनी फोटो काढले, अभिप्राय छान लिहिले आणि पुढे चार महिने एकाही कंपनीतून फोन आला नाही. दोन गोष्टी चुकल्या होत्या. विषय इतका पसरला होता की घरी जाऊन सुरुवात कशाने करायची हेच कुणाला ठरवता आलं नाही. आणि एक मुलगा साहेबांकडे गेलाही, तर साहेब म्हणाले, "प्रशिक्षणाला गेला होतास ना? मग आता तूच कर."

आता मी विषय एकच घेते, फक्त मोजमापाचा. आणि प्रत्येक वर्गानंतर आठवड्याभरात संध्याकाळी दोन तास मालक आणि प्लँट हेड यांच्यासाठी ठेवते. त्यांच्यासमोर सूत्र काढत नाही, रुपये मांडते. समजा महिन्याला २०,००० जॉब निघतात आणि खराब गेजमुळे त्यातले २ टक्के चांगले जॉब नापास होतात. झाले ४०० जॉब. एका जॉबवर १८० रुपये खर्च झाला असेल तर महिन्याला ७२,००० रुपये. त्यातून भंगाराचे पैसे वजा करा. आणि जे वाईट जॉब पास होऊन ग्राहकाकडे गेले, त्यांचा हिशेब वेगळा. आपल्याच माणसाने काढलेली ९० रीडिंग समोर असल्यामुळे मालक वाद घालत नाहीत. पेन काढून स्वतःचे आकडे घालू लागतात.

पैशांचा हिशेब

नुसत्या वर्गांवर पोट भरेल या समजुतीने नोकरी सोडू नका. आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. माणशी २,५०० रुपये, १४ जण, म्हणजे ३५,००० रुपये. हॉल, चहा, जेवण माणशी ६०० प्रमाणे ८,४००. नोट्सची छपाई २,१००. हातात राहिले २४,५००. पहिल्या वेळी एका दिवसाच्या वर्गाला दहा दिवस तयारी लागते, म्हणजे अकरा दिवसांचे दिवसाला सव्वादोन हजार. तोच वर्ग पुन्हा घेतला की तयारी दोन दिवसांत होते आणि दिवसाला आठ हजार पडतात. म्हणून दरवेळी नवा विषय काढू नये. एकच वर्ग दहादा घ्यावा, तो दरवेळी सुधारतो.

आता दुसरी बाजू. एका कंपनीचं सहा महिन्यांचं काम, महिन्याला चार दिवस, दिवसाला ९,००० रुपये : २,१६,००० रुपये. वर्गाच्या फीतून वर्गाचा खर्च निघाला, थोडं वर राहिलं तरी पुरे. पण वर्ग फुकट मात्र ठेवू नये. फुकट वर्गाला नाव नोंदवणारे वीस आणि येणारे सात, आणि त्यांच्याकडेही जॉब नसतात.

विषय निवडताना नियम बदलाची वेळ साधावी असं अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता मानक आलं आणि जुन्या मानकावरून त्यावर जायची मुदत १४ सप्टेंबर २०१८ ठरली, तेव्हा वर्ग भरभरून वाहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा करसल्लागारांनाही हाच अनुभव आला. पण मुदत संपली की ती गर्दी ओसरते. मोजमापाला मुदत नाही, म्हणून मी तिकडे वळले. सुरुवात करणाऱ्याने नियम बदलाची लाट जरूर घ्यावी, पण जोडीला एक विषय असा धरावा जो पाच वर्षांनीही लागणार आहे.

वर्गात वापरायचं साहित्य स्वतःचं हवं. एमएसए, एसपीसीसारख्या साधनांच्या अधिकृत पुस्तिका विकत मिळतात आणि त्यांचे हक्क राखीव असतात. त्यांच्या झेरॉक्स वाटणं गैर आहे. जुन्या नोकरीतले फॉर्मॅट उचलणंही तितकंच गैर. मुलं जॉब आणतात त्यांची ड्रॉइंग बहुतेकदा ग्राहक कंपनीची असतात, म्हणून मी ड्रॉइंग आणू देत नाही. फक्त माप आणि सूट कागदावर लिहून आणायची. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या वर्गात सांगायचा असेल तर नाव तर नाहीच, पण जॉबही ओळखू येणार नाही असा बदलून सांगायचा. एवढ्याशा पट्ट्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

वर्गानंतरचे तीन आठवडे

काम मिळतं ते या काळात. तीन आठवड्यांनी मी प्रत्येकाला फोन करते. "काही काम आहे का" असं कधीच विचारत नाही. विचारते, "ते व्हर्निअर बदललं का? ९० रीडिंग पुन्हा घेतली का? आता किती आलं?" ज्याने केलं त्याचं मनापासून कौतुक, आणि तो अडला असेल तर फोनवर जमेल तेवढी मदत. ज्यांचं घोडं अडलंय त्यांच्यातलेच एकदोघे म्हणतात, "मॅडम, एकदा येऊन बघाल का? साहेबांशी बोलतो."

पहिली भेट दोन तासांची, विनामूल्य. पण त्या भेटीचा लेखी अहवाल मागितला तर त्याचे पैसे. आणि पहिलं काम मुद्दाम छोटं घ्यायचं. एक लाइन, एक पार्ट, एक आकडा, सहा आठवडे. आजचा आकडा सुरू करण्याआधीच कागदावर लिहून दोघांनी सही करायची. हे राहिलं तर सहा आठवड्यांनी सुधारणा किती झाली यावर वाद होतो आणि तो वाद सल्लागार नेहमी हरतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक. प्रशिक्षण आणि सल्ला दोन्हींवर दर १८ टक्के. कंपन्या फीमधून टीडीएस कापतात, तो विवरणपत्र भरताना हिशेबात धरला जातो. तेवढे पैसे लगेच हातात येणार नाहीत हे मात्र आधीच धरून चालावं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, पहिल्याच महिन्यात करून टाका. ती मोफत आहे आणि तिचा खरा उपयोग पेमेंटच्या वेळी कळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, वेळेत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही थकलेली अशी रक्कम कंपनीला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. अकाउंट्समधल्या माणसाचं तिकडे लगेच लक्ष जातं. आणि पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका, साहेबांनी तोंडी कितीही सांगितलं तरी. ज्या एका ठिकाणी मी हा नियम मोडला, तिथले पैसे अकरा महिन्यांनी आले.

एक चूक मात्र सगळेच करतात, काम भरपूर असताना. हाताशी चार कंपन्या आल्या की वर्ग बंद पडतात, कारण वेळच उरत नाही. पण सल्ला चांगला दिला तर कंपनीला तुमची गरज कमी कमी होत जाते. ती तशी व्हायलाच हवी. मागच्या बाकावरून प्रश्न विचारणारा तो मुलगा आता त्याच्या कंपनीत ऑपरेटरांना स्वतः शिकवतो. तिथले माझे महिन्याचे चार दिवस आता तीन महिन्यांतून एक दिवस झाले आहेत. रिकाम्या झालेल्या दिवसांसाठी नवीन काम लागतं आणि ते आजच्या वर्गातून यायला सहा-आठ महिने जातात. म्हणून कितीही धावपळ असो, महिन्यातला एक गुरुवार मी कुणालाही देत नाही. पुढच्या वर्गाला त्या मुलाचेच दोन सेटर येणार आहेत. परवा त्याचा फोन आला होता, जॉब धुऊन आणायचे की तसेच आणायचे हे विचारायला. तसेच आणा म्हटलं, शॉपवर मोजता तसेच.